आईनं न घेतलेलं नाव

माझ्या आईला सातारच्या सेशन्स कोर्टानं खोटी ठरवली आणि मुंबईच्या हायकोर्टानं खरी. या दोन निकालांच्या मधे जे घडलं ते मी लिहून ठेवते आहे, कारण गावात आता जो तो ते आपल्या मनानं सांगतो. एक गृहस्थ तर सांगतात की आई हायकोर्टात उभी राहून तासभर बोलली. आईनं मुंबई कधी पाहिली नाही. ती बोलली ती साताऱ्यात, आणि फार थोडं बोलली.

लढाईचे दिवस होते. माझे यजमान पलटणीत होते, मी रहिमतपूरला सासरी. सासऱ्यांचं किराणाचं दुकान होतं. रेशनमुळे विकायला माल कमी आणि गिऱ्हाइकांची भांडणं जास्त, त्यामुळे घरातल्या सुनेलाही गल्ल्याशेजारी बसावं लागे. माणसांशी बोलायचं कसं ते मी तिथं शिकले. माहेर तिथून बैलगाडीच्या अंतरावर, नदीकाठी.

माहेरची जमीन वडील आणि माझे थोरले चुलते यांच्यात वाटलेली होती. विहीर सामाईक, मोटेच्या पाळ्या ठरलेल्या. भांडण पाण्याचं नव्हतं, बांधाचं होतं. थोरले चुलते दर नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आमच्या बाजूला सरकत. काही वर्षांत आमच्या रानातली एक पट्टी त्यांच्याकडे गेली. वडिलांनी सरकारी मोजणी आणली. मोजणीदारानं दगड रोवून दिले आणि तो गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी चुलते पहारीनं ते दगड उपटत होते. वडील आडवे गेले. चुलत्यांनी तीच पहार त्यांच्या डोक्यात घातली.

आई न्याहारी घेऊन बांधावर पोचली होती. तिनं ते पाहिलं. दुसरं कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलेल्यानं सांगितलं नाही.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असावी लागते. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या भावकीत ती नवऱ्याच्या थोरल्या भावाचंही नाव घेत नाही. त्यांच्यासमोर बसत नाही, ते दिसले की पदर पुढे ओढते आणि त्यांच्याविषयी बोलायचं झालं तर 'थोरले' म्हणते. घरात कुणाला काही अडचण येत नाही.

पोलीस पाटील रानात आला आणि त्यानं विचारलं, "वैनी, कुणी मारलं?"

आई म्हणाली, "थोरल्यांनी."

"कोण थोरले? नाव सांगा."

"नाव तुमाला म्हायती न्हाई व्हय?"

पाटलाला माहीत होतं. पण तो चुलत्यांच्याही नात्यातला. त्यानं वर्दीत लिहिलं की मयताच्या बायकोस नाव विचारले, तिने सांगितले नाही. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. आई बायकांमध्ये बसलेली. त्यानंही नाव विचारलं. आईनं शेजारणीकडं पाहिलं, शेजारणीनं खाली. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका भावकीतल्या सुना. चुलते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणजे त्या सगळ्यांचेच थोरले दीर. एकीलाही ते नाव घेता येत नव्हतं. पुरुषांना घेता येत होतं, पण त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीत चुलत्यांशी वैर कोण घेणार? ते नाव घेईल अशी माहेरवाशीण हवी होती. ती मी. मी संध्याकाळी पोचले. आई मला म्हणाली, "तुज्या थोरल्या चुलत्याचं नाव फौजदारसायबाला सांग." मी सांगितलं. फौजदारानं लिहून घेतलं आणि चुलत्यांना नेलं.

खटला साताऱ्यात चालला. चुलत्यांनी पुण्याचा वकील दिला होता. त्यानं दोन मुद्दे मांडले. एक, आरोपी त्या दिवशी रहिमतपूरच्या बाजारात होता, हे दोन साक्षीदार सांगतात. दुसरा मुद्दा माझ्याविषयी. विधवेनं आधी नाव सांगितलं नाही, शिकलेली मुलगी सासरहून आली आणि लगेच नाव निघालं, तेव्हा हे नाव मुलीच्या डोक्यातून आलेलं आहे. मराठी सातवी पास झाल्याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आई पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा त्या वकिलानं तिला नाव विचारलं. तिनं चुलत्यांकडे बोट केलं. त्यानं पुन्हा विचारलं. ती गप्प राहिली. न्यायाधीश लांबच्या मुलखातले होते, मराठी त्यांना दुभाष्यामार्फत कळे. ते खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी काय लिहिलं ते निकालात समजलं. ही बाई विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. चुलते निर्दोष सुटले.

आणि आमच्या बाजूच्या एकाही माणसानं, सरकारी वकिलांनी, फौजदारानं, पंचांनी, न्यायाधीशांना सांगितलं नव्हतं की ती नाव का घेत नाही. मलाही सुचलं नव्हतं. सूर्य कुठून उगवतो हे कुणी कोर्टाला सांगतं का, तसंच ते आम्हाला वाटलं. आम्ही खटला तिथं घालवला.

चुलते गावात आले ते हलगी वाजवत. गुलाल आमच्या दारापर्यंत उडाला. आईनं दार लावलं नाही. ती उंबऱ्याच्या आत जोंधळे निवडत बसली होती, ती तशीच बसली. मिरवणूक समोर आली आणि तिला चुलते दिसले तेव्हा तिनं पदर पुढे ओढला. मी तिच्यावर चिडले.

"अगं, त्यांच्यासाठी कसला पदर घेतीस?"

"सवय हाय. तू जोंधळं निवड."

नंतरचे महिने वाईट गेले. चुलत्यांनी मोजणीचे उरलेले दगड काढले आणि पट्टी नांगरली. त्याचं आईला एवढं लागलं नाही. पाणवठ्यावर बायका तिच्यामागं "खोटी साक्ष देणारी" म्हणू लागल्या, ते लागलं. उसने दिलेले दाणे परत मागायला गेली तर एक बाई म्हणाली, "तू म्हंतीस चार मापं, पर तुज्या म्हणण्याचं काय खरं?" मामा मिरजेजवळच्या गावाहून तिला न्यायला आला. ती गेली नाही. "आता गेले तर खोटी हुती म्हणून पळाली म्हणतील," एवढंच म्हणाली.

मग मी चौकशी सुरू केली. दुकानात येणाऱ्या एका कारकुनानं सांगितलं की सुटलेल्या आरोपीविरुद्ध घरच्या माणसांना अपील करता येत नाही, ते फक्त सरकार करू शकतं, आणि सरकार क्वचित करतं. सातारच्या सरकारी वकिलांनी शिफारस पाठवली तर कागद मुंबईला जातो. त्यालाही मुदत असते.

मी आईला घेऊन साताऱ्याला गेले. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं आणि मोटारीनं मागून यायचं. आई म्हणाली, "पैसं मोटारीनं आपल्याला द्याला पायजेत."

सरकारी वकिलांची कचेरी घरातच, पुढच्या खोलीत होती. माणूस सज्जन, पण त्यांनी निकालाची फाईल बांधून ठेवली होती. आई दाराशी जमिनीवर बसली, मी उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "एकटा साक्षीदार आणि तोही नाव उशिरा सांगतो. यावर अपील उभं राहत नाही. तुमच्या आईनं पहिल्या दिवशी नाव का नाही सांगितलं?"

"ती थोरल्या दिराचं नाव घेत नाही."

"ते आहेच. ते मला माहीत आहे."

"तुम्हाला आहे. जजसाहेबांना होतं?"

त्यांनी बांधलेल्या फाईलकडे पाहिलं.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"यात सांगायचं काय..." असं म्हणून ते थांबले. मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, माझं नाव काय?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. त्यांची बायको म्हणाली, "इश्श, पक्षकार बसलेत ना बाहेर? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"सांग ना."

"मी नाही सांगत. पाटीवर लिहिलंय दाराबाहेर, वाचा जाऊन."

आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. वकील हसले नाहीत. त्यांनी फाईल सोडली आणि मला बसायला सांगितलं. आळीत कोण कोण बायका राहतात, कुणाची कुणाशी कशी नाती, त्या दिवशी आईजवळ कोण बसलं होतं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. शिफारस त्यांनी पाठवली. आपल्याकडून राहिलेली गोष्टही तीत लिहिली, हे मला नंतर कळलं. असं लिहिणारे वकील थोडे असतात, म्हणून इथं नोंदवते.

सरकारनं अपील केलं आणि आमच्या मागं दुसरी कटकट लागली. तो काळ असा की आमच्या भागात सरकारचं नाव काढलं तरी लोक थुंकत. पोरं तुरुंगात होती नाहीतर रानोमाळ लपलेली. आणि खटल्याच्या कागदावर आमच्या बाजूला नाव होतं इंग्लंडच्या बादशहाचं. चुलत्यांच्या थोरल्या मुलानं चावडीपुढं आईला ऐकवलं, "काकी आता राणीसरकार झाली म्हणायची. बादशहा तिच्याकडनं भांडतोय."

आई पाटी डोक्यावर घेऊन चालली होती. ती थांबली. "बादशहाला माजं तोंड बी म्हायती न्हाई रं पोरा. सरकार कुणाचं बी असंना. मी बघितलं का न्हाई बघितलं, तेवढं त्यांनी बघावं."

हायकोर्टानं अपील दाखल करून घेतलं आणि चुलत्यांवर वॉरंट काढलं. ते आधीच सासुरवाडीला निघून गेले होते. ते गाव सांगली संस्थानात, इंग्रजी मुलखाच्या पोलिसाला तिथं शिरून कुणाला धरता येत नसे. संस्थानाशी लिखापढी झाली. अखेर त्यांना हद्दीवर आणून ताब्यात दिलं. मग हायकोर्टाचा हुकूम आला की नाव न घेण्याच्या रीतीविषयी पुरावा साताऱ्यात पुन्हा नोंदवावा आणि आईची तेवढ्यापुरती साक्ष घ्यावी.

सरकारी वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आईला काही पढवू नका. तुमच्याविषयी आधीच तेवढं बोलून झालंय." मी पढवलं नाही. पण मोटारीत मला राहवलं नाही. "आई, वकील तुला नाव घ्यायला लावील."

"लावू दे."

"घेतलंस तर काय बिघडेल? आता सगळं त्याच्यावर आहे."

ती बाहेर रस्त्याकडे बघू लागली. मला वाटलं तिला भीती वाटते आहे.

कोर्टात या वेळी दुसरे न्यायाधीश होते. मी मागच्या बाकावर बसले. आधी पोलीस पाटलाची साक्ष झाली. वैनीनं 'थोरल्यांनी' म्हटलं होतं, असं त्यानं कबूल केलं. 'थोरले' म्हणजे कोण हे तुम्हाला कळलं होतं का, असं विचारल्यावर तो इकडेतिकडे पाहू लागला, मग "व्हय" म्हणाला. मग ते लिहिलं का नाही? "मला नाव इचारायचं असतं साहेब, ते तिनं सांगितलं न्हाई."

मग आई. ती पिंजऱ्यात चढली आणि तिला समोर चुलते दिसले. तिनं पदर पुढे ओढून घेतला, अगदी दारातल्यासारखा. मला तो क्षण अजून दिसतो, कारण न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून मान वर केली होती. ज्या माणसानं नवरा मारला असं ती सांगते, त्याच माणसापुढं ती डोकं झाकते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुण्याचे वकील उठले. "बाई, तुमचा नवरा मारला गेला. आणि मारणाऱ्याचं नाव घ्यायला तुम्ही लाजता?"

"लाजत न्हाई. घेत न्हाई."

"म्हणजे अजून मान देता त्यांना?"

"मान कसला त्यांचा? माज्या तोंडाला एक वळण हाय. ते मी त्यांच्यापायी मोडायची न्हाई."

"बरं. तुमचा न्याय आता त्या एका नावावर अडला आहे. कोर्ट समोर आहे, आरोपी समोर आहे. एकदाच घ्या."

मला वाटलं, घे. मी आई असते तर घेतलं असतं.

आई म्हणाली, "आज घेतलं, तर तुमीच उद्या म्हणशीला, आज घेता येतंय तर त्या दिशी का न्हाई घेतलं."

कोर्टात कुणीतरी खोकलं. वकिलांनी कागद उलटला. आमचे सरकारी वकील टेबलाकडे पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. त्यांना मराठी येत होतं. "तुमच्या यजमानांचं नाव सांगा."

आईनं मागं वळून मला शोधलं. "ती लेक हाय माजी. तिला इचारा, तिला चालतंय."

मी उठू लागले तर पट्टेवाल्यानं बस म्हणून खूण केली.

"त्या दिवशी ही मुलगी आली नसती तर?" न्यायाधीश म्हणाले.

"तर ती येईस्तवर वाट बघितली असती. मरणारा मेला हुता. घाई कुणाला हुती?"

साक्षीची नोंद इंग्रजीत व्हायची, म्हणून हे वाक्य न्यायाधीशांनी दुभाष्याला इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगायला लावलं आणि मनासारखं झाल्यावरच लिहून घेतलं. आई खाली उतरली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं की तू सरस बोललीस. ती म्हणाली, "भूक लागलीया. भाकरी सोड."

भाकरी खाताना मला एक गोष्ट उमगली. मी सातवी शिकलेली, दुकान चालवणारी, आणि मी तिला नाव घे म्हणत होते. घेतलं असतं तर सगळंच गेलं असतं. तिला कायदा ठाऊक नव्हता. आपण काय करतो आणि का करतो एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच पुण्याच्या वकिलाला पुरून उरलं.

निकाल पावसाळा संपताना लागला. सरकारी वकिलांनी बोलावून घेतलं म्हणून आम्ही पुन्हा गेलो. सुटका रद्द झाली होती. चुलत्यांना जन्मठेप झाली. वकील इंग्रजी कागद पाहून मराठीत सांगत होते, बाजारातले दोन साक्षीदार खोटे ठरले, बांधाचा वाद खरा ठरला. आईनं मधेच अडवलं.

"माज्याविषयी काय लिवलंय?"

"तेच तर मुख्य आहे. हायकोर्टाच्या दोन्ही न्यायाधीशांनी म्हटलं आहे की तुम्ही खरं बोललात. पहिल्या दिवसापासून खरं बोललात."

"पयल्या दिसापासनं?"

"हो. तसंच लिहिलंय."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. आई चहा बशीत ओतून सावकाश प्यायली. रडली वगैरे नाही. जाताना वकिलांना म्हणाली, "तुमचं लय उपकार झालं," आणि त्यांच्या बायकोकडे बघून, "तुमचं बी, वैनी." बाईंना कळेना आपण काय केलं.

थोरली काकी आता एकटी पडली होती. तिचे मुलगे शेतीत निरुपयोगी. काहींना वाटलं आई आता विहीर अडवील. आईनं पट्टी परत घेतली, तिच्यावर हरभरा पेरला, आणि विहिरीच्या पाळ्या होत्या तशाच ठेवल्या. काकीची पाळी आली की आमची मोट थांबायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत. पाण्यासाठी बोलावं लागत नाही.

पुढच्या वर्षी गावात दोघा भावांची वाटणी झाली. त्यांना बांध घालून घ्यायचा होता. मी तेव्हा माहेरीच होते. पोलीस पाटील आमच्या दारात येऊन उभा राहिला, आत काही शिरेना.

"वैनी, उद्या सकाळी रानात या. दगड रोवायचं हायती."

"मी कशाला? पंच काय गावात कमी हायती व्हय?"

"पंच हायती. पर ते दोगं भाऊ म्हंत्यात, काकींनी बघितलं म्हंजी पुढं वाद न्हाई."

"बायकांना कवापासनं बोलवाय लागलासा रानात?"

पाटील पायातल्या वहाणेकडं बघत राहिला. "आवं, या की वैनी."

आई म्हणाली, "धार काढून मग यीन. माज्यासाठी खोळंबू नगा म्हणावं, पर दगड मी आल्याबिगर रोवू बी नगा."

ती गेली तेव्हा मीही गेले. ती पुरुषांपासून थोडी बाजूला, पदर घेऊन उभी होती. दोरी धरली, दगड पुरले. एका दगडाला ती म्हणाली, "त्यो अजून हातभर अलीकडं," आणि मोजून पाहिलं तर त्याची जागा हातभर अलीकडंच निघाली. त्यानंतर ती जिवंत असेतो आमच्या गावात बांधाचा दगड तिच्याशिवाय रोवला गेला नाही. तिला त्यासाठी कुणी काही देत नसे, नारळसुद्धा नाही, आणि ती मागतही नसे. सकाळची कामं अडतात म्हणून मात्र दर वेळी कुरकुर करी.